हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णाची शुगर: दाखल होण्यापासून घरी जाईपर्यंत, क्रमाने

बायपास किंवा झडपेची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाची शुगर नेमकी कधी हाताबाहेर जाते, ते जुने चार्ट काढून बघा. वॉर्डातून ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) नेताना, ओटीतून आयसीयूत आणताना, इन्सुलिनची ड्रिप बंद करून इंजेक्शन सुरू करताना आणि घरी सोडताना. म्हणजे रुग्ण एका हातातून दुसऱ्या हातात जातो तेव्हा. म्हणून पुढचे टप्पे या सांध्यांवरच बेतले आहेत.

लेख मुख्यतः वॉर्ड आणि आयसीयूतल्या सिस्टर, ब्रदर आणि निवासी डॉक्टरांसाठी आहे. नातेवाइकांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल, पण डोस ठरवायचा तो रुग्णालयाच्या लेखी प्रोटोकॉलप्रमाणे, डॉक्टरांच्या सहीनेच. शुगरचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत.

## आधी लक्ष्य ठरवा

आयसीयूत १४० ते १८० हे बहुतेक रुग्णांसाठी सुरक्षित लक्ष्य आहे. शुगर सलग दोनदा १८० च्या वर आली की इन्सुलिनची ड्रिप सुरू करायची. ज्या टीमला शुगर खाली न घसरवता काम करता येतं, ती हृदयशस्त्रक्रियेच्या निवडक रुग्णांत ११० ते १४० पर्यंतही जाते. ११० च्या खाली नेण्याचा हट्ट मात्र कुणीच धरू नये. २००१ साली बेल्जियममधल्या ल्युव्हेन इथल्या अभ्यासात ८० ते ११० या लक्ष्याने मृत्यू कमी झाल्याचं दिसलं होतं. पुढे २००९ साली नाइस-शुगर या कितीतरी मोठ्या अभ्यासात चित्र उलटं निघालं. कडक नियंत्रणाच्या गटात ९० दिवसांतले मृत्यू २७.५ टक्के होते, तर १८० च्या खाली ठेवलेल्या गटात २४.९ टक्के. शुगर ४० किंवा त्याखाली जाण्याचं प्रमाण अनुक्रमे ६.८ आणि ०.५ टक्के होतं.

शुगर वर राहू देणंही तितकंच महाग पडतं. छातीच्या हाडाच्या जखमेत खोलवर संसर्ग झाला तर रुग्णाला पुन्हा ओटीत न्यावं लागतं, मुक्काम आठवड्यांनी वाढतो, काहींचा जीवही जातो. वाढलेल्या शुगरमुळे पांढऱ्या पेशींची जंतू मारण्याची ताकद घटते आणि जखम भरणं लांबतं. हे मधुमेह नसलेल्यांनाही लागू आहे. शस्त्रक्रियेच्या ताणाने कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रिनॅलिन वाढतं, हार्ट-लंग मशीनमुळे (शस्त्रक्रियेत हृदय आणि फुप्फुसांचं काम करणाऱ्या यंत्रामुळे) शरीरात दाह होतो, वर स्टिरॉइड आणि अ‍ॅड्रिनॅलिनची ड्रिप असते. त्यामुळे कधीही मधुमेह नसलेल्या माणसाची शुगरही २५० वर जाऊ शकते.

सावधान: ‘याला शुगर नाही’ असं केसपेपरवर लिहिलेलं असलं तरी शस्त्रक्रियेनंतरचे पहिले २४ तास प्रत्येकाची शुगर मोजायचीच.

## टप्पा १: दाखल होताना

पहिलं काम, एचबीए१सीचा (मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणाऱ्या चाचणीचा) नमुना शस्त्रक्रियेच्या आधी पाठवणं. नंतर रक्त चढवलं जातं, हिमोग्लोबिन बदलतं आणि या चाचणीचा आकडा फसवा होतो. आधीच्या नमुन्यात ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त आलं तर या माणसाला मधुमेह आधीपासून आहे, फक्त कळलेला नव्हता, असं समजून पुढची तयारी करा. शस्त्रक्रिया ठरवून करायची असेल तर हा आकडा ८ च्या खाली आणणं चांगलं. मात्र डाव्या मुख्य रोहिणीत गंभीर अडथळा असेल तर शुगरसाठी हृदय थांबत नाही. तिथे सर्जन आणि फिजिशियननी मिळून निर्णय घ्यायचा.

दुसरं काम गोळ्यांची यादी. ‘शुगरच्या दोन गोळ्या’ एवढी नोंद काही कामाची नाही, प्रत्येक औषधाचं नाव हवं.

- डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन शस्त्रक्रियेच्या किमान ३ दिवस आधी बंद. अर्टुग्लिफ्लोझिन ४ दिवस आधी.
- मेटफॉर्मिन शस्त्रक्रियेच्या दिवशी देऊ नये. किडनी बिघडलेली असेल तर त्याआधीच थांबवायचं का, हे डॉक्टरांना विचारा.
- ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या उपाशीपोटी धोक्याच्या, म्हणून त्या सकाळी नाहीत.
- आठवड्यातून एकदा घ्यायचं सेमाग्लुटाइडसारखं इंजेक्शन चालू असेल तर भूलतज्ज्ञांना नक्की सांगा. या औषधाने पोट रिकामं व्हायला वेळ लागतो.

पहिल्या ओळीतल्या गोळ्यांवर जरा थांबतो, कारण सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. त्या आता हार्ट फेल्युअरसाठीही दिल्या जातात, त्यामुळे मधुमेह नसलेला रुग्णही त्या घेत असतो. ‘शुगरची काही गोळी घेता का?’ असं विचारलं की तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. विचारायचं असं: ‘हृदयासाठी, लघवीसाठी, किडनीसाठी, कुठलीही गोळी असो, पाकिटं दाखवा.’ गोळी वेळेवर बंद झाली नाही तर शस्त्रक्रियेनंतर रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्ल पदार्थ) साठून आम्लता वाढू शकते, आणि त्या वेळी शुगर १५० असू शकते. शुगर ठीक दिसते म्हणून कुणाला शंका येत नाही. धाप, मळमळ, एबीजीत (रोहिणीतल्या रक्ताच्या वायू-तपासणीत) कारण न सापडणारी आम्लता असं दिसलं की रक्तातले कीटोन तपासा.

तपासा: एचबीए१सी पाठवलं? प्रत्येक गोळीचं नाव आणि शेवटचा डोस कधी घेतला, हे लिहिलं? मधुमेह टाइप १ की टाइप २, हे स्पष्ट आहे?

## टप्पा २: आदली रात्र आणि ती सकाळ

इथली नेहमीची चूक म्हणजे ‘उपाशी आहे, इन्सुलिन बंद’ अशी सरसकट ऑर्डर. जेवणाबरोबरचं इन्सुलिन जेवण नसेल तर थांबवायचं, हे बरोबर. बेसल, म्हणजे दिवसभर पुरणारं इन्सुलिन, पूर्ण बंद करायचं नसतं. ग्लार्जिनसारखं इन्सुलिन साधारण ७५ ते ८० टक्के डोसने द्यायचं, एनपीएच (मध्यम काळ चालणारं इन्सुलिन) असेल तर सकाळी निम्मं. प्रीमिक्स, म्हणजे दोन प्रकार आधीच मिसळलेल्या इन्सुलिनवर असलेल्या रुग्णाचं काय करायचं, हे आदल्या दिवशीच लिहून घ्या. सकाळी सहाला फोनवर विचारायची ही गोष्ट नव्हे.

टाइप १ च्या रुग्णाचं बेसल इन्सुलिन काही तास जरी तुटलं तरी कीटोन वाढू लागतात. त्याच्या केसपेपरवर ‘बेसल थांबवू नये’ असं ठळक लिहा.

मधुमेही रुग्णाची शस्त्रक्रिया यादीत शक्यतो पहिली ठेवा. नंबर दुपारवर गेला तर दर दोन-तीन तासांनी शुगर मोजत राहा.

तपासा: ओटीत पाठवण्यापूर्वीची शेवटची शुगर, तिची वेळ आणि शेवटचं इन्सुलिन कोणतं, किती, केव्हा दिलं, हे एकाच ओळीत लिहिलं आहे का?

## टप्पा ३: ओटीत

हा भाग भूलतज्ज्ञ आणि परफ्युजनिस्ट (हार्ट-लंग मशीन चालवणारे) सांभाळतात, म्हणून दोनच गोष्टी. हार्ट-लंग मशीनवर शरीर थंड असताना इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, म्हणून वेग वाढवत नेला जातो. शरीर पुन्हा गरम झालं की तेच इन्सुलिन जास्त काम करू लागतं. आयसीयूत रुग्ण येतो तो नेमका या बदलत्या अवस्थेत. म्हणून हँडओव्हर घेताना फक्त ‘शुगर १९०’ ऐकून पुढे जाऊ नका. शेवटच्या तीन शुगर, ड्रिपचा आत्ताचा वेग आणि तो शेवटचा कधी बदलला, हे विचारा.

## टप्पा ४: आयसीयूतली ड्रिप

४.१ रक्त कुठून घेता. पहिल्या दिवशी बोटाच्या टोकाचा नमुना भरवशाचा नसतो. रक्तदाब कमी असतो, नॉरअ‍ॅड्रिनॅलिन चालू असतं, हात थंड आणि सुजलेले असतात. शिवाय शस्त्रक्रियेनंतर रक्त पातळ झालेलं असतं आणि हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) कमी असलं की बरेच ग्लुकोमीटर खऱ्यापेक्षा जास्त शुगर दाखवतात. म्हणजे खरी शुगर ७५ असताना मीटर ९५ म्हणेल आणि आपण निर्धास्त राहू. आर्टेरियल लाइनचा (रोहिणीत घातलेल्या नळीतला) नमुना एबीजी मशीनवर लावणं सर्वांत चांगलं.

आर्टेरियल लाइनच्या दाबाच्या पिशवीत साधं सलाईनच आहे ना, हे प्रत्येक ड्युटीला डोळ्यांनी वाचा. तिथे चुकून ग्लुकोजची बाटली लागली तर प्रत्येक नमुन्यात ग्लुकोज मिसळतं, शुगर खोटी वाढलेली दिसते, इन्सुलिन वाढवत नेलं जातं आणि रुग्णाचा मेंदू उपाशी मरतो. असे मृत्यू झालेले आहेत. सेंट्रल लाइनमधून (मोठ्या शिरेतल्या नळीतून) डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोज, चालू असताना त्याच लाइनमधून नमुना घेतला तरी आकडा असाच खोटा येतो.

४.२ ड्रिप बनवणं. रेग्युलर, म्हणजे कमी वेळ काम करणारं साधं इन्सुलिन. ५० युनिट ५० मिलीलिटर सलाईनमध्ये, म्हणजे १ मिलीलिटरमध्ये १ युनिट. हेच प्रमाण सगळ्या बेडना ठेवा. एका बेडला वेगळं प्रमाण असलं की रात्री तीन वाजता चूक होणारच. इन्सुलिन प्लास्टिकला चिकटतं, म्हणून नवी नळी जोडताना आधी साधारण २० मिलीलिटर द्रावण नळीतून वाहू द्या, मगच रुग्णाला लावा. हे टाळलं तर पहिले एक-दोन तास इन्सुलिन रुग्णापर्यंत पुरेसं पोचत नाही, वेग उगाच वाढवला जातो आणि नंतर शुगर धाडकन खाली येते.

सावधान: इन्सुलिनच्या बाटलीवर ४० लिहिलं आहे की १००, हे वाचूनच सिरिंज उचला. ४० च्या सिरिंजने १०० चं इन्सुलिन भरलं तर डोस अडीचपट होतो. मोजताना दुसऱ्या सिस्टरना शेजारी उभं करा.

४.३ वेग ठरवणं. वेग आत्ताच्या एकाच आकड्यावरून बदलणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. शुगर २२० आली की वेग वाढवायचा? एका तासापूर्वी ती ३१० असेल तर उतरण फार वेगाने होते आहे, वेग कमी करायला हवा. आधीची १९० असेल तर वाढवायला हवा. आकडा एकच, कृती उलट. म्हणून चार्टवर तीन रकाने शेजारी-शेजारी हवेत: आधीची शुगर, आत्ताची शुगर, आत्ताचा वेग. तासाला साधारण ५० ते ७५ ने उतरणं ठीक. १०० च्या आसपास उतरली तर आकडा अजून जास्त असला तरी हात आवरा. प्रोटोकॉलच्या तक्त्यात ही उतरण धरलेली नसेल तर तक्ता बदलण्याची मागणी करा, ती मागणी रास्त आहे.

शुगर दर तासाला. सलग तीन-चार आकडे लक्ष्यात बसले की दर दोन तासांनी. पुढचं काही घडलं की लगेच पुन्हा दर तासाला: अ‍ॅड्रिनॅलिन सुरू, बंद किंवा कमी-जास्त केलं, स्टिरॉइड दिलं, नळीतून फीड (पातळ अन्न) सुरू झालं किंवा थांबलं, डायलिसिस लागलं. अ‍ॅड्रिनॅलिन बंद करताना सगळं लक्ष रक्तदाबाकडे असतं, इन्सुलिनची गरजही त्याच वेळी कमी होते हे विसरलं जातं.

फीड अचानक थांबलं, उदाहरणार्थ नळी निघाली किंवा सीटीला न्यायचं ठरलं, तर १० टक्के डेक्स्ट्रोज लगेच सुरू करा आणि डॉक्टरांना कळवा.

४.४ पोटॅशियम. इन्सुलिन पोटॅशियमला पेशींत ढकलतं. नुकत्याच शस्त्रक्रिया झालेल्या हृदयाला पोटॅशियम कमी पडलं की ठोके अनियमित व्हायला वेळ लागत नाही. एबीजीच्या कागदावर शुगर वाचता तेव्हा त्याच कागदावरचं पोटॅशियमही वाचा. बहुतेक हृदयशस्त्रक्रिया विभाग ते ४ मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटरच्या वर ठेवतात.

## टप्पा ५: शुगर खाली गेली तर

७० च्या खाली म्हणजे उपचार लगेच, ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. व्हेंटिलेटरवर झोपवलेला रुग्ण घाम, थरथर, भूक काही सांगू शकत नाही. जागा असलेला रुग्णही बीटा ब्लॉकरवर (ठोके मंदावणाऱ्या औषधावर) असतो, त्यामुळे धडधड आणि थरथर झाकली जाते. घाम तेवढा येतो. ‘रुग्ण बरा दिसतोय’ यावर विसंबू नका.

क्रम असा:

1. इन्सुलिनची ड्रिप थांबवा.
2. रुग्ण गिळू शकत नसेल तर शिरेतून डेक्स्ट्रोज. २५ टक्क्यांचं १०० मिलीलिटर किंवा ५० टक्क्यांचं ५० मिलीलिटर, दोन्हींत ग्लुकोज २५ ग्रॅमच. पूर्ण द्यायचं की निम्मं, हे प्रोटोकॉलमध्ये आकड्यानुसार लिहिलेलं हवं. गिळू शकत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज तोंडाने.
3. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. ७० च्या वर येईपर्यंत हेच पुन्हा.
4. कारण शोधा आणि लिहा.
5. ड्रिप पुन्हा कधी आणि किती वेगाने सुरू करायची, याची ऑर्डर घ्या. वेग आधीपेक्षा कमी असेल.

पाचवी पायरी गळते. ड्रिप थांबते, ड्युटी बदलते आणि चार तासांनी शुगर ३०० सापडते. टाइप १ च्या रुग्णात तर कीटोनही वाढलेले असतात.

## टप्पा ६: ड्रिपवरून इंजेक्शनवर

सर्वांत कच्चा सांधा हाच. शिरेतल्या इन्सुलिनचा परिणाम ड्रिप बंद केल्यावर काही मिनिटांतच ओसरू लागतो. त्वचेखाली दिलेल्या बेसल इन्सुलिनला काम सुरू करायला तास लागतात. मधली पोकळी भरली नाही तर आयसीयूत दोन दिवस छान राहिलेली शुगर वॉर्डात पोचेपर्यंत २८० होते, आणि वॉर्डवाल्यांच्या नावाने खडे फोडले जातात.

आधी पात्रता. रुग्ण तोंडाने खातो आहे किंवा फीड स्थिर आहे, अ‍ॅड्रिनॅलिन बंद आहे, ड्रिपचा वेग काही तास फारसा हललेला नाही. यातली एक जरी अट पूर्ण होत नसेल तर थांबा. बेड रिकामा करायचा आहे, हे ड्रिप काढण्याचं कारण होऊ शकत नाही.

मग हिशेब. शेवटच्या ६ ते ८ तासांची वेगाची सरासरी काढा. समजा ती तासाला १.५ युनिट आहे. २४ तासांचे ३६ युनिट. त्याचे ६० ते ८० टक्के घ्यायचे, म्हणजे साधारण २२ ते २९. किडनी कमजोर असेल, वय जास्त असेल किंवा भूक नसेल तर खालचा आकडा. हे तास रुग्ण उपाशी असतानाचे असतील तर हा आकडा मुख्यतः बेसलचा, जेवणाचं इन्सुलिन वेगळं आणि थोडक्यात सुरू करायचं. जेवण किंवा फीड चालू असतानाचे असतील तर निम्मं बेसल आणि निम्मं तीन जेवणांत वाटायचं. हा फरक न केल्याने एकाला दुप्पट आणि दुसऱ्याला निम्मं इन्सुलिन मिळतं.

मग वेळ. बेसल इंजेक्शन आधी, ड्रिप त्यानंतर २ तासांनी बंद. इंजेक्शनची आणि ड्रिप बंद करण्याची, दोन्ही वेळा चार्टवर आधीच लिहून ठेवा. दुपारी चारला शिफ्टिंग असेल तर बेसल दीडच्या सुमारास द्यावं लागेल, म्हणजे सकाळच्या राउंडलाच ठरवावं लागेल.

मधुमेह नसलेला, एचबीए१सी चांगलं असलेला आणि तासाला १ युनिट किंवा त्याहून कमी लागणारा रुग्ण बहुधा बेसलशिवाय निभावतो. पण त्याचीही शुगर पुढचा एक दिवस मोजत राहा.

तपासा: वॉर्डात पोचल्यावर पहिली शुगर कधी आणि कोण मोजणार, हे ठरलं आहे का?

## टप्पा ७: वॉर्डात

वॉर्डात फक्त ‘स्लायडिंग स्केल’वर ठेवणं बंद करा. शुगर वाढली की तेवढ्यापुरतं इन्सुलिन, म्हणजे आग लागल्यावर बंब. शिवाय रेग्युलर इन्सुलिनचा परिणाम सहा-एक तास टिकतो. तीन तासांनी पुन्हा डोस दिला की दोन्ही एकमेकांवर चढतात आणि पहाटे शुगर ५० होते. बेसल रोज, जेवणाचं जेवणाबरोबर, आणि वर लागलं तर थोडं दुरुस्तीचं, अशी तीन भागांची ऑर्डर हवी.

मोजणं, इंजेक्शन आणि ताट, हे तिन्ही अर्ध्या तासात बसलं पाहिजे. प्रत्यक्षात शुगर सातला मोजली जाते, इन्सुलिन साडेसातला दिलं जातं, ताट येतं सव्वाआठला आणि मध्येच रुग्णाला एक्स-रेला नेतात. शस्त्रक्रियेनंतर पहिले काही दिवस भूक मेलेली असते, ताट निम्मं परत जातं. अशा रुग्णाला झटपट काम करणारं इन्सुलिन जेवण झाल्याबरोबर, जितकं खाल्लं त्या प्रमाणात देता येतं, तशी ऑर्डर मागून घ्या. नातेवाइकांनी मधल्या वेळी काही खायला-प्यायला दिलं असेल तर सिस्टरना सांगावं. कुणी रागावणार नाही, पण न सांगितल्यास डोस चुकेल.

वॉर्डाचं काम सुधारतंय की नाही हे बघायला आठवड्याच्या शुगरची सरासरी काढू नका. ५० आणि २५० ची सरासरीही १५० च येते. तीन गोष्टी मोजा: पहिल्यांदा १८० ओलांडल्यापासून ड्रिप सुरू व्हायला किती वेळ लागला, ७० च्या खाली किती वेळा गेली, आणि ड्रिप बंद झाल्यावरच्या १२ तासांतली सर्वांत जास्त शुगर किती होती. तिसरा आकडा बहुतेक ठिकाणी डोळे उघडतो.

## टप्पा ८: घरी सोडताना

शस्त्रक्रियेचा ताण उतरतो, स्टिरॉइड बंद होतं आणि इन्सुलिनची गरज पुढच्या दोन-तीन आठवड्यांत कमी होत जाते. रुग्णालयातला डोस घरी तसाच चालू राहिला तर शुगर घसरू शकते. म्हणून डिस्चार्ज कार्डवर फक्त डोस लिहून भागत नाही. सकाळची शुगर सलग दोन दिवस १०० च्या खाली आली तर फोन करायचा, ७० च्या खाली आली तर आधी ग्लुकोज घ्यायचं आणि मग फोन करायचा, असं साध्या वाक्यात लिहा आणि नंबर द्या.

दाखल होताना बंद केलेली प्रत्येक गोळी यादीत पुन्हा शोधा. कोणती आज सुरू, कोणती किडनीचा रिपोर्ट आल्यावर, कोणती कायमची बंद, हे प्रत्येकीसमोर लिहा. नाहीतर रुग्ण घरी जाऊन जुन्या डब्यातल्या आणि नव्या चिठ्ठीतल्या, अशा दोन्ही गोळ्या घेतो. हार्ट फेल्युअरसाठीची गोळी बंदच राहून गेली तर तोही तोटाच. ती रुग्ण नीट खाऊ-पिऊ लागल्यावर सुरू करायची असते.

इंजेक्शन नवीन असेल तर रुग्णाने किंवा घरातल्या एका माणसाने ते निदान एकदा आपल्यासमोर स्वतः भरून, स्वतः टोचून दाखवलं पाहिजे. छातीच्या आणि पायाच्या जखमेतून पाणी येऊ लागलं, लाली वाढली, ताप आला किंवा छातीच्या हाडात कटकट जाणवू लागली तर पुढच्या तारखेची वाट न बघता यायचं, हेही त्याच कार्डावर हवं.

शुगरसाठी फिजिशियनची भेट एक ते दोन आठवड्यांत ठेवा. रक्त चढवलं असेल तर पुढचं एचबीए१सी तीन महिन्यांनंतर. तोपर्यंत घरच्या मीटरची वही बघूनच डोस ठरवावा लागेल, म्हणून ती वही प्रत्येक भेटीला आणायला सांगा.